अकरा वेळा ‘हो’

(मोर्शी. ओसरीवर निवृत्त शिक्षक पंजाबराव आणि त्यांची दहा वर्षांची नात पायल. तिचे वडील सुगत आतल्या खोलीत पलंगावर.)

पंजाबराव : डोळे मीट, पायल. समज, अमरावतीहून मोर्शीले विजेची तार आली अन् मधातच तुटली. मंग?

पायल : लाइन जाते.

पंजाबराव : हां. तुह्या बापाचं तसंच झालं. विजेच्या खांबावरून पडला, पाठीच्या कण्यातली तार तुटली. पायाले टोचलं तरी डोक्याले खबर नाही. कण्यातली तार आपोआप वाढत नाही. ते वाढवाचं नवं औषध अकोल्याचे डॉक्टर त्याच्यावर तपासून राहिले. अन् परवा तिथल्या मॅडमनं पायाले बारा वेळा टाचणी टोचली, तं सुगत अकरा वेळा ‘हो’ म्हणे. तेही डोळ्याले पट्टी बांधून. डोळे काहून उघडले तू?

पायल : आबाजी, पप्पाचा हात मी धरला होता.

पंजाबराव : बेस केलं.

पायल : मॅडमनं टोचलं का मी बोट दाबो.

पंजाबराव : काहून वं?

पायल : मागच्या खेपेले पप्पा बाराही वेळा ‘नाही’ म्हणे. मॅडमनं वहीत शून्य लिहिलं. मंग गाडीत बडनेरा येईपर्यंत पप्पा आपल्या पायाले चिमटेच घेत होते.

पंजाबराव : त्याले समजलं होतं का, तू दाबून राहिली म्हणून?

पायल : एकदा मी दाबाची विसरली. तेवढं एकच चुकलं. मंग त्यायनं माह्यं बोट घट्ट धरलं.

पंजाबराव : अन् मी शेजारच्या रामरावले, साऱ्या गल्लीले पेढे वाटत फिरलो.

पायल : माहा पेढा दप्तरातच हाये. खाल्ला नाही. आता का होते, आबाजी?

पंजाबराव : मॅडम लिहीन, औषध लागलं. मंग दुसऱ्या कोण्या पोरीच्या बापाले तेच देतीन. ते पोरगी रोज त्याच्या पायाकडे पाहत बसन.

पायल : तुमीच सांगा न फोनवर.

पंजाबराव : मी घरी होतो, बेटा. मी का सांगू?

पायल : पप्पाले काढून टाकतीन का तिथून?

पंजाबराव : काढतीनही. मले माहीत नाही.

सुगत : (आतून) बाबा, पोरीले नका बोलू. बोट तिनं दाबलं, ‘हो’ तं मी म्हटलं.

पंजाबराव : मी नाही बोलून राहिलो, सुगत. तेच बोलून राहिली.

पायल : पप्पा, फोन कुठी हाये?

सुगत : उशीखाली. थांब, मी लावून देतो.

पायल : नाही, मीच लावतो. ...हॅलो, करिश्मा मॅडम? मी पायल, मोर्शीहून. सुगत पेशंटची पोरगी. तुमच्याजवळ पेन हाये का? वहीतले ते अकरा खोडाचे हायेत.