इथंच बसून खा

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, बारीक होण्याचा मक्ता काय माझ्या एकटीकडे दिला होता? लग्न ठरताना नवऱ्याची आत्या म्हणाली, 'पोरगी चांगली आहे, फक्त जरा भरलेली आहे,' झालं, तेव्हापासून माझं सुरू. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी... संध्याकाळी काकडीची आठवण. मसोलीत आमच्या शेजारी दक्षाबेन, स्वतः ओट्यावर बसून ढोकळा खाणार आणि मला सांगणार, 'संगिताबेन, भात छोडो, भातमां ज बधी चरबी छे.' म्हणे सगळी चरबी भातातच. सोडला भात. केस गळले, झोप गेली, कंबर तिथंच. आणि मी उपाशी.

आणि नोकरी काय, तर झरीच्या अंगणवाडीत गरोदर बायांना जेवू घालायचं. डाळ, भात, भाजी, वर अंडं. नियम असा की आमच्यासमोर बसून खायचं, कारण घरी नेलं की ते पोरांच्या ताटात जातं. म्हणजे मी रोज डोक्यावर उभी, त्यात लाडकी नावाच्या एका बाईला तर रोज तेच, 'लाडके, अंडं पदरात लपवू नको, इथंच बसून खा, अंगात रक्त नाही तुझ्या,' भाताची वाफ माझ्या तोंडावर, आणि मी उपाशी.

सतरा सालची गोष्ट. तानीचं पोर वजनकाट्याला अडकवलं, पोर राहिलं वर आणि मी गेले खाली. डोळे उघडले तर आमची मदतनीस बुधीबाई हसतेय, 'बाईला दिवस गेलं.' त्यांना दुसरं काय वाटणार? आमच्याकडे जेवणाच्या वेळी चक्कर येते ती गरोदर बाईलाच. लगेच ताट वाढलं, लाडकी समोर उभी, 'बाई, तू इथंच बसून खा, घरी नाय न्यायचा.' खाल्लं. तुम्हाला सांगते, भात खाताना मला रडू आलं, आणि बाया म्हणतात, पहिलटकरणीला येतंच.

बातमी माझ्याआधी मसोलीला. सासूबाई पेढे घेऊनच दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई विचारतात, 'शेवटची पाळी कधी?' आता बघा, झरीतल्या बायांच्या तारखा मला तोंडपाठ, आणि माझी आठवेना. वर्ष झालं असेल... मी तर खूश होते, कटकट गेली म्हणून! त्या म्हणाल्या, 'बाळ नाही. तुम्ही उपाशी आहात. शरीराने जे बंद करता येईल ते बंद केलंय. आधी खा, पुढचं आत्ता सांगता येत नाही.' सासूबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसलेल्या. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या अंगाची कीव आली हो. एवढी वर्षं माझ्या शिव्या ऐकत ते मला रोज झरीला न्यायचं, परत आणायचं, आणि मी त्याला काय दिलं? काकडी.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि बायांना सांगून टाकलं, 'मला दिवस नाहीत. पोटात पोर नाही.' लाडकीने माझा डबा उघडून पुढे सरकवला. 'पोर नाय तं नाय. पोट तं हाय ना?'

तेव्हापासून जेवते. दोन वर्षं होत आली, अजून ना पाळी आली, ना पोर. येईल, न येईल... वाट बघायचीच आहे, तर जेवून बघते.