नव्या जीनचा सत्कार

समीक्षाला बुरशीत सापडलेल्या एका नव्या जीनवर पीएचडी मिळणार होती आणि तिच्या खुशालमामांना दवनीवाड्याच्या विहारात, भाचीच्या सत्कारात, भाषण. मामा-भाची कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर माझ्या शेजारीच बसली होती.

“मामा, थो नवा जीन नाहीच.”

“काऊन? कंप्युटरनं दाखवला नं?”

“कंप्युटर निस्ता अंदाज सांगते. धानावरच्या बुरशीचा जीनोम आमी नवीन वाचला. त्यात कोणता जीन कुठं सुरू होते, कुठं संपते, याचा अंदाज. समजा, धानाच्या शेजारशेजारच्या दोन बांध्यांमधला मातीचा धुराच त्याले दिसला नाही. दोन जुन्या जीनची एकच मोठी बांधी करून टाकली.”

“असा कसा नाही दिसला?”

“थे सॉफ्टवेअर दुसऱ्याच बुरशीवर शिकलं. हिचे धुरे बारीक. आरएनए तपासला, तं दोन्ही जीन वेगवेगळे निघाले.”

“तुह्या सरले मालूम हाये?”

“नव्हतं. ते तं पेपर पाठवून राहिले होते.”

“मंग तू कायले बोलून राहिली? चूप बस नं!”

“सकाळीच फोन करून सांगतलं.”

“अन् सर?”

“पेपर थांबवला. म्हणे, आता नवीन विषय घे, एक साल जाईन.”

“अवो बाई! मी मंडप सांगून बसलो, हार आणून ठेवला!”

“आपली पिंकी दहावी पास झाली नं. तिचा करा सत्कार.”

“हं... भाषण तं मीच देईन.”

बस आली. सरांची अब्रू वाचली, पिंकीच्या गळ्यात हार ठरला, मामांचं भाषणही शाबूत राहिलं. वर्ष तेवढं समीक्षाचं गेलं.