डावीकडे इंग्रजी, उजवीकडे ग्रीक

हॅलो?... हां, बोल जयू... येतोय, येतोय आवाज. बॅगच भरत होते... बावीस किलो दोनशे ग्रॅम. मृण्मयीच्या काट्यावर तीनदा वजन केलं... हसतेस काय? तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढल्यावर एकदा मोजून समाधान होत नाही माणसाचं.

हो, विमान उद्या सकाळचं. यशोधन सोडणार आहे... सोडेल नाहीतर काय! व्हिसाचे नव्वद दिवस संपले, सासू निघाली, सुटला बिचारा.

कोण?... स्टाव्रूलाला? नाही गं... नाही सांगितलं अजून... जयू, ओरडू नकोस. अगं ऐक ना...

माहीत आहे मला उद्या जायचंय ते!

हो, तीच, शेजारची. ग्रीक आजी, काळे कपडे घालते ती... नाही गं, इंग्रजी नाही, डच नाही, काही नाही. वहीवरच चाललंय आमचं. तिच्या नातीची वही, डाफ्नीची. तिकडे ग्रीसमध्ये शाळेत असताना इंग्रजीच्या परीक्षेसाठी केलेली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे ग्रीक. मी डावीकडे बोट ठेवते, ती समोरचं वाचते. मग ती उजवीकडे ठेवते, मी वाचते... हो, तीन महिने. रोज.

पण तोच तर घोळ आहे ना! परीक्षेची वही. सगळे वाक्प्रचार. 'मीठ संपलं' कुठेच नाही. 'गुडघा दुखतो' नाही. 'भिंतीवरची माशी' मात्र आहे... खरंच आहे! परवा पाऊस आला, तर मी कुत्र्यामांजरांवर बोट ठेवलं... अगं, इंग्रजीत पावसात कुत्री-मांजरं पडतात. तिनं समोरचं वाचलं, उठली आणि खुर्चीच्या पायाला हात लावून दाखवला. त्यांच्याकडे खुर्च्यांचे पाय पडतात! आता मुसळ कुठून आणू इथे? खलबत्त्यातला बत्ता आणून दाखवला, आमच्याकडे हे पडतं म्हणून... इतकी हसली, इतकी हसली, ॲप्रनने डोळे पुसत बसली.

फोनवरचं भाषांतर? केलं ना एकदा. फोनमधली बाई बोलायला लागली की ती फोनकडे बघते. माझ्याकडे बघतच नाही. नको वाटलं.

मृण्मयीने विचारलं होतं स्टाव्रूलाच्या मुलाला, कसं सांगायचं म्हणून. तो म्हणाला, "आईला काही बोलू नका, रडारड करेल. तुम्ही गेलात की मी सांगतो."... म्हटलं गं मी हो. म्हटलं. तेव्हा सोपं वाटलं.

चूक कशी म्हणजे? अगं, मुलाने तिला असंच आणलंय इथे हॉलंडला! नवरा गेल्यावर. पंधरा दिवस चल, हवापालट होईल म्हणून. मागे बेटावरचं घर विकलं आणि मग सांगितलं. चार वर्षं झाली त्याला... डाफ्नीने सांगितलं मला. आणि आता मी पण तेच करतेय.

रोज अकराला येते, मागच्या गेटने, कॉफी घेऊन. जाताना म्हणते, "आव्रिओ." म्हणजे उद्या. मी पण म्हणते, आव्रिओ. काल पण म्हटलं. आज ती म्हणाली की मी काय म्हणू, सांग ना...

हो, दिलेत. वाईटातले वाईट रिपोर्ट दिलेत लोकांना. पण पाकिटात घालून, जयू. पाकीट चिकटवून. तोंडाने सांगायचं काम डॉक्टरांचं. मला कधी कुणाच्या डोळ्यांत बघून सांगावंच लागलं नाही...

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

थांब. गेट वाजलं... आली गं. आणि बॅग हॉलच्या मधोमध उघडी... नको, ठेवू नकोस फोन. बोलू नकोस, पण राहा तिथे.

ये, ये स्टाव्रूला. कालिमेरा. बस...

जयू, तिने बॅग बघितली. ट्रे हातातच आहे अजून. उभीच आहे...

वही? आहे, तिच्या खिशात असते. स्टाव्रूला, वही दे. हो, ती. दे इकडे.

कुठे गेलं ते पान... केकचा तुकडा... निळा चंद्र... नाही, नाही... हे. 'टु कीप समवन इन द डार्क.' अगं, आपल्यासारखंच. अंधारात ठेवणं... ठेवलं बोट. वाचतेय, ओठ हलवत... वाचलं. बघतेय माझ्याकडे. 'कोणी?' म्हणून हातानेच विचारतेय.

मी. मी गं, स्टाव्रूला. मी ठेवलं... हे बघ तिकीट. पुणे. आव्रिओ... हो. आव्रिओ.

...

बसली, जयू. कॉफी ओततेय. माझाच कप भरला आधी.

हो, चिडलीये. चिडणारच. वही ओढून घेतली. पानं उलटतेय, फडाफड... काहीतरी शोधतेय. पुन्हा पहिल्यापासून... नाही सापडत. तिला हवंय ते परीक्षेत विचारत नसणार.

पेन्सिल? ही घे... लिहितेय गं. शेवटच्या पानावर, उजवीकडे. तिच्या ग्रीकमध्ये. डावी बाजू कोरी... वही माझ्यापुढे सरकवली. तू लिही म्हणतेय.

अगं, मला कुठलं ग्रीक यायला! नाही कळलं, स्टाव्रूला. नाही...

थांब जयू, थांब. हात वर केला तिने. विमान... सावकाश खाली आणलं, टेबलावर उतरवलं. आता अंगठा कानाशी, करंगळी तोंडाशी. माझ्याकडे बोट, मग स्वतःकडे... पुन्हा करून दाखवतेय. रागावून. शाळेतल्या ढ मुलीला दाखवावं तसं.

हो गं बाई, हो! कळलं.

"पोचलीस की फोन कर"...

तुला नाही गं जयू, तू येणारच आहेस घ्यायला. हे तिने लिहिलंय, मला.

काय बोलणार म्हणजे? ती बोलेल, मी ऐकेन. मग मी बोलेन... वही नसली तर नसली. आवाज तर कळतो ना माणसाचा.

नाही, मराठीतच लिहिते डावीकडे. तिला कुठे इंग्रजी वाचता येतंय!

चल, ठेवते आता... अगं ठेवते म्हणते ना. एक हात तिने धरून ठेवलाय, आणि लिहायला दुसरा लागेल.