भाच्यासाठी माउस

(कॉम्प्युटरच्या वस्तूंचं छोटं दुकान. शनिवारची दुपार. काउंटरच्या आत दुकानदार, बाहेर पन्नाशीतला एक ड्राफ्ट्समन, मध्ये उघडलेला खोका.)

दुकानदार: हा तिसरा, काका. तिसरा माउस परत आणलात तुम्ही.

ड्राफ्ट्समन: तुम्हीच म्हणाला होतात, सात दिवसांत बदलून मिळेल. आज सातवाच आहे.

दुकानदार: म्हणालो होतो, नाही कुठे म्हणतोय. पण पहिला जड म्हणून आणलात. दुसरा लहान म्हणून आणलात. ह्याला काय झालं?

ड्राफ्ट्समन: बटणं घट्ट आहेत. दाबायला जोर लागतो.

दुकानदार: ह्याची बटणं? काका, पोरं म्हणतात, ह्याच्यावर नुसती फुंकर मारली तरी क्लिक होतं.

ड्राफ्ट्समन: भाच्याला घट्ट वाटतात.

दुकानदार: भाच्याला. बरं. वय काय म्हणालात भाच्याचं?

ड्राफ्ट्समन: सतरा.

दुकानदार: मागच्या शनिवारी पंधरा होतं.

ड्राफ्ट्समन: सोळा संपून सतरावं लागलंय. पंधरा म्हणालो असेन चुकून.

दुकानदार: एकदा त्यालाच घेऊन या ना. हातात धरून बघेल, एका फेरीत काम होईल.

ड्राफ्ट्समन: तो गावाला असतो. येणं जमत नाही त्याला.

दुकानदार: मग बटणं घट्ट आहेत हे कसं कळलं?

ड्राफ्ट्समन: फोनवर सांगितलं त्याने.

दुकानदार: आणि माउस? तोही फोनवरून परत आला?

ड्राफ्ट्समन: तुम्हाला बदलून द्यायचा नसेल तर तसं सांगा. उलटतपासणी कशाला?

दुकानदार: राग मानू नका. बारा वर्षं झाली मला ह्या दुकानात. लोक माउस नेतात, आठवडाभर गेमच्या स्पर्धा खेळतात आणि सातव्या दिवशी खोक्यात घालून आणून देतात. तुम्ही तसे वाटत नाही. पण हा खालचा भाग बघा, पार गुळगुळीत झालाय. दिवसाला आठ-नऊ तास चालल्याशिवाय असा घासत नाही.

ड्राफ्ट्समन: सुट्टी आहे त्याला. ते जाऊ द्या. डाव्या हाताचा दाखवता का एखादा? वायर नको. वायर ओढ देते.

दुकानदार: म्हणजे भाचा आता डावखुरा झाला.

ड्राफ्ट्समन: पहिल्यापासून आहे.

दुकानदार: खास डाव्या हाताचे फार येत नाहीत. हे दोन आहेत, दोन्ही बाजूंनी सारखे. कुठल्याही हाताने धरा, बटणांची अदलाबदल सेटिंगमध्ये होते. धरून बघा. असं नाही, तळवा टेकवा. उजवा हात बाहेर काढून खोका बाजूला सरकवा, म्हणजे जागा होईल.

ड्राफ्ट्समन: आहे तेवढी जागा पुरेल.

दुकानदार: काका, एक विचारू? तुमचा उजवा हात आल्यापासून खिशात आहे. मागच्या वेळीही होता.

ड्राफ्ट्समन: सवय आहे.

दुकानदार: हे माउस कॉम्प्युटरला एका रिसीव्हरने जोडायचे असतात. नखाएवढा असतो तो. मागच्या शनिवारी इथून एक गेला. तुम्हीच नेलात असं मी म्हणत नाही. पण खिशातला हात जरा बाहेर काढाल का?

बायको: काढा की. मलाही बघायचंय काय आहे ते.

ड्राफ्ट्समन: तू? तू इथे कशी?

बायको: चालत आले. तुमच्या मागे वीस पावलांवर होते, बसथांब्यापासून. आधी हात काढा, हे दादा ताटकळलेत.

ड्राफ्ट्समन: हे घ्या. रिकामा आहे. खिसाही उलटा करून दाखवतो.

दुकानदार: नको नको, राहू दे. माझी चूक झाली. काकू, तुम्ही ह्यांच्या कोण?

बायको: बायको. सव्वीस वर्षं. आणि दादा, मघाशी दारातून ऐकलं ते बरोबर ऐकलं का? भाच्यासाठी घेतायत हे?

दुकानदार: हो, सतरा वर्षांचा भाचा. डावखुरा.

बायको: ह्यांच्या बहिणीला दोन मुली आहेत. दोघींची लग्नं झाली. मला ना भाऊ ना बहीण. हा भाचा कुठून आणला, ते मलाही कळू दे.

ड्राफ्ट्समन: घरी बोलू आपण.

बायको: घरी तुम्ही बोलता कुठे? शनिवारी ऑफिस एकला सुटतं, तुम्ही साडेपाचला उगवता. चार शनिवार झाले. आज समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहून चार जोड घालून बघितले मी, एकही घेतला नाही. तो माणूससुद्धा माझ्याकडे चोरासारखा बघायला लागला.

दुकानदार: मी जरा आत जाऊन येतो. तुमचं चालू द्या.

बायको: तुम्ही थांबा. कोणीतरी ऐकायला असलं की हे खोटं बोलताना अडखळतात. आता सांगा, ती कोण?

ड्राफ्ट्समन: कोण ती?

बायको: मी तुमचा फोन उघडला नाही. ओट्यावर होता, उजळला, दिसलं. "नवा हातात बसतो का? कोणाला कळू देऊ नका." दुसऱ्या दिवशी, "तुम्ही निर्धास्त राहा, साहेबांना मी सांभाळते." हे कोणी लिहिलं?

ड्राफ्ट्समन: ऑफिसातली आहे. शेजारच्या टेबलावर बसते.

बायको: वय?

ड्राफ्ट्समन: अठ्ठावीस असेल.

बायको: असेल.

ड्राफ्ट्समन: अगं, तसलं काही नाही. ती कॉम्प्युटरवर गेम खेळते. त्यातलं तिला कळतं. नवा म्हणजे माउस. माउस हातात बसतो का, असं विचारत होती.

बायको: म्हणजे दोघं मिळून खेळता.

ड्राफ्ट्समन: मी कशाला खेळतोय?

बायको: मग गेम खेळायचा माउस कशाला? नसलेल्या भाच्याच्या नावाने कशाला? आणि कोणाला कळू देऊ नका, ते कशासाठी? महिनाभर बघतेय मी. पहिल्यांदा शर्ट सुटले. सगळे माझ्या हातचे, तुमच्या खांद्याच्या मापाचे, आणि ते सोडून तुम्ही बाजारातले टी-शर्ट घालायला लागलात. मला वाटलं, तिच्यासमोर तरुण दिसायचं असेल.

ड्राफ्ट्समन: शर्टाला बटणं असतात.

बायको: म्हणजे?

ड्राफ्ट्समन: लावता येत नाहीत मला.

बायको: काय बोलताय?

ड्राफ्ट्समन: तो तिसरा माउस द्या हो इकडे. उजव्या हातात द्या. हा अंगठा, ही दोन बोटं. धरलाय की नाही, ते मला बघितल्याशिवाय कळत नाही. आता बघ, उचलतो.

दुकानदार: सांभाळून... असू दे काका, पडू दे. काही होत नाही त्याला.

बायको: कधीपासून?

ड्राफ्ट्समन: दीड महिना. आधी मुंग्या यायच्या. सकाळी हात झटकला की जायच्या. मग जाईनात.

बायको: तो कप. साबणाने निसटला म्हणालात.

ड्राफ्ट्समन: साबण नव्हता.

बायको: आणि मी तुम्हाला म्हणाले, लक्ष कुठे असतं हल्ली.

ड्राफ्ट्समन: म्हणालीस. बरंच वाटलं मला. लक्षच नाही असं तुला वाटत होतं, तेवढं एक बरं चाललं होतं.

बायको: डॉक्टर?

ड्राफ्ट्समन: गेलो नाही. तू नेलं असतंस, डॉक्टरने सुट्टी लिहून दिली असती, आणि सुट्टी संपेपर्यंत साहेबांनी माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला असता. एकोणतीस वर्षं रेघाच मारतोय मी. आधी पेनाने, नंतर माउसने. दुसरं काय येतं मला?

बायको: आणि हे सगळं तिला माहीत, मला नाही.

ड्राफ्ट्समन: तिला मी सांगितलं नाही. तिला दिसलं. एका दवाखान्याचा नकाशा चालला होता. माझं बोट बटणावर राहिलं आणि मला कळलंच नाही. दरवाजा सरकला, अरुंद झाला. स्ट्रेचर जाणार नाही इतका. छापायला जायच्या आधी तिने पाहिलं, गुपचूप दुरुस्त केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, काका, हात दाखवा. मग म्हणाली, ऑफिसचा माउस टाकून द्या, गेम खेळणाऱ्यांचा घ्या. हलका असतो, जोर लागत नाही. दर शनिवारी मी इथे येतो, मग परत ऑफिसात जाऊन रिकाम्या खोलीत नवा माउस चालवून बघतो. ती सोमवारी विचारते, बसला का. एवढंच आहे आमचं.

बायको: मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले असेन.

दुकानदार: काका, हे आधी सांगायचं होतंत. मी तुम्हाला सतरा वर्षांच्या पोरांच्या वस्तू दाखवत बसलो. ती पोरं बोटांच्या टोकांवर माउस धरतात आणि झटके देतात. तुम्हाला उलटं हवं. हात पसरून निवांत पडला पाहिजे.

ड्राफ्ट्समन: तुम्ही चोर समजत होतात मला. काय सांगणार?

दुकानदार: समजत होतो. चुकलं माझं. आता तो काळा आणि हा करडा, दोन्ही डाव्या हातात धरून बघा.

ड्राफ्ट्समन: काळा बरा वाटतो.

बायको: बरा नाही. करंगळी खाली घासतेय आणि तळवा अधांतरी आहे. थांबा, टेप आहे माझ्याकडे. हात सपाट ठेवा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटापर्यंत साडेसात इंच. रुंदीला साडेतीन. दादा, ह्या काळ्याची लांबी किती?

दुकानदार: माउसचं माप असं कोणी घेत नाही, काकू. पण मोजा. पावणेपाच आहे. करडा पाच, आणि पाठीवर उंच.

बायको: करडा द्या. कात्री घेताना मी हेच बघते. पकड भरली नाही की बोटं काम सोडून नुसती धरून बसतात. आता टेकवा. मनगट सैल सोडा. अहो, सैल म्हणजे सैल, मी काय सुई टोचणार नाही.

ड्राफ्ट्समन: सोडलंय. हा टेकतो बघ. सगळा टेकतो.

दुकानदार: आता ह्या मॉनिटरवर फिरवा. वेग वाढवून देतो. इंचभर हलवलात की पूर्ण पडदा पार होईल, मनगट वळवावंच लागणार नाही. बारीक रेघ मारायची असेल तेव्हा हे मधलं बटण दाबा, वेग उतरतो.

ड्राफ्ट्समन: रेघ वाकडी येतेय.

दुकानदार: डावा हात आहे, येणारच. सरळ यायला महिना लागेल.

ड्राफ्ट्समन: महिनाभर वाकड्या रेघा कोण चालवून घेईल?

बायको: ते साहेबांना विचारा. तुम्ही विचारायचं, तिने सांभाळायचं नाही. सोमवारी सकाळी आधी दवाखाना, मग ऑफिस. मी दोन्हीकडे येतेय.

ड्राफ्ट्समन: ऑफिसात तू काय करणार?

बायको: बाहेर बाकड्यावर बसेन. आत तुम्ही जा.

ड्राफ्ट्समन: आणि नाही म्हणाले तर?

बायको: तर नाही म्हणाले. पुढच्या नकाशात पुन्हा दरवाजा सरकला आणि तिला दिसला नाही, तर काय करणार होतात?

ड्राफ्ट्समन: तेच रोज झोपताना मनात येतं.

बायको: मग ठरलं.

दुकानदार: करडा देऊ ना? ह्याला सात दिवसांची अट नाही. महिनाभर वापरा, हात बसला नाही तर आणून द्या, मी काही विचारणार नाही. नवा खोका आत आहे. दोन मिनिटं थांबा, काढून आणतो.

ड्राफ्ट्समन: भला माणूस आहे.

बायको: मघाशी खिसे तपासत होता.

ड्राफ्ट्समन: मी तसाच वागत होतो. त्याचा काय दोष? तू मात्र... तुला खरंच वाटलं होतं, ती आणि मी?

बायको: वाटलं होतं.

ड्राफ्ट्समन: महिनाभर?

बायको: हो.

ड्राफ्ट्समन: मग तोंडावर विचारलं का नाहीस? तुझा स्वभाव नाही गप्प बसायचा.

बायको: विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर?