आत्याची वाट

नाशिक रोडच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीबाहेर आपल्या नातीसाठी थांबलेल्या मंजुषाताईंचा गुरुवारचा जप चालला होता. शेजारी बसलेल्या चतुराबाईंनी नर्सला हाक मारली.

“बाई, नातू कसा हाय माझा?”

“रक्तातली साखर फार उतरली होती, आता वाढतेय हळूहळू. पण सकाळपासून उपाशी का ठेवलंत, आजी?”

“आमच्यात पहिला मध आत्या चाटवते. ती वणीहून यायची व्हती. सून गुंगीत. म्हनलं, थांबू जरा.”

“मध द्यायचाच नसतो. लगेच आईचं दूध पाजायचं.”

“पोटात कुठं काय खात व्हता?”

“पोटात नाळेतून आईची साखर यायची. त्याचं लिव्हर नुसतं साठवायचं. नाळ कापली, की त्या लिव्हरलाच साखर सोडावी लागते, नवी करावी लागते. ते आत्ता कुठं शिकतंय, आणि साठा तो केवढासा!”

“एवढ्याशा जिवानं? एकट्यानं?”

“म्हणून तर दूध.”

“आत येऊ? लांबूनच बघते.”

“सूनबाई शुद्धीवर आल्यात, त्याच नको म्हणाल्यात.”

“बरं… तिचंबी खरं हाय.”

नर्स आत गेली. मंजुषाताईंनी माळ पिशवीत ठेवली.

“आत्याबाई निघाल्या का वणीहून?”

“नाय वो. दोन दिवाळ्या झाल्या, भावाशी बोलत नाय ती. मला वाटलं, बाळासाठी तरी येईल.”