आईच्या पाळण्याचे मालक

सन दोन हजार पंचवीस, नोव्हेंबर महिना, नुकती थंडी सुरू झालेली, आणि माझ्या पणतीच्या बारशात नेमका पाळण्याच्या वेळी मोबाइलचा आवाज बंद! तुम्हाला सांगते, बंद पडला नाही हो, थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या कंपनीने बंद केला! का, तर म्हणे गाण्याचे मालक दुसरे आहेत. गाणारी माझी आई, पाळणा तिच्या आजीकडून आलेला, एकोणीसशे पासष्ट साली निघालेली तबकडी माझ्या कपाटात मलमलीत गुंडाळलेली... आणि मालक दुसरे?

इथे डोंबिवलीत आम्ही सर्वांनी ऐकला. आईचा आवाज लागला आणि मला मॅट्रिकच्या पहाटेचा तिच्या हातचा मेतकूट-भात आठवला. परंतु इंदूरला अंथरुणाला खिळलेली माझी नव्वदीची थोरली बहीण उत्तराताई, जिच्यासाठी ते थेट प्रक्षेपण मांडले, तिला नुसते आमचे हलणारे ओठ दिसले! सुश्रुत, म्हणजे नातू माझा, बाळाचा बाप, म्हणतो, "आजी, टेन्शन नको घेऊस, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, कोणाला कळतंय?" मला कळते ना! आईचा आवाज काय चोरून पाठवायचा?

म्हणून मालकांना फोन लावला. "मॅम, ती जुनी कंपनी आम्ही घेतली." बरे, करारपत्र? "ते विठ्ठलवाडीच्या गोडाऊनमध्ये होतं, पुरात गेलं." मग तुम्ही मालक कशावरून? "मॅम, सिस्टिममध्ये दिसतंय ना!" परवानगी? "मेल टाका, बघतो." अहो, नव्वदीच्या माणसाला काय बघतो सांगता... आणि म्हणे मालक!

अखेर कोपरचे वकील केदार म्हणाले, "मावशी, कशाला भांडता? ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा. एक जानेवारीपासून मालक कोणीच नाही." झाले! डिसेंबरभर मी रोज इंदूरला विचारायचे, "ताई, बरी आहेस ना गं?" आणि ती खेकसायची, "तुझा आवाज काय ऐकवतेस? आईचा पाठव!"

एक जानेवारीला आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून पाठवला. ताईने दोनदा ऐकला, मग म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात आई अजून घाई करते बघ!"

म्हटले, मिटले एकदाचे. तर संध्याकाळी जिन्यात शेजारच्या साकेतच्या खिशातून आई गाऊ लागली! सुश्रुतकडून घेऊन त्याने रिंगटोन केला होता. कायद्याने त्याचाही तितकाच हक्क, मी काय बोलणार? आई आर्जवाने म्हणते, 'निजू द्या गं तान्हीला...' आणि हा तिला मध्येच तोडून ओरडतो, "हां, बोल भाई!"