जीपच्या ट्रेलरचं गाऱ्हाणं

हसू नका हां, चहा नाकात जायाचा. माझी ती जुनी मिलिटरीची जीप दोन वर्सं ठोकून, रंगवून चालू केली, तर मागं लावायला ट्रेलर हवा झाला. वेल्डर बंड्याकडं दोन होते.

"तात्या, लहान घ्या. मिलिटरीचाच हाय, जीपला शोभंल. घरात एकटे तुम्ही, मोठ्यात नेणार काय?"

"अरे, गणपतीला पोरगा, सून, नातवंडं येतील. सगळी ह्यात बसवून ठेसनावरनं आणीन."

"तीन गणपती झाले, तात्या. कोण आलं नाय."

मी मोठाच घेतला.

आता नवी वस्तू दारात आली म्हटल्यावर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला नको? आणि एकानं गाऱ्हाणं घातलं की मागं "व्हय म्हाराजा" बोलायला चार माणसं लागतात. वाडीत हाका मारल्या. एक आला नाय. गेल्या शिमग्यात मी सगळ्यांना मटणाचं आवतण दिलं आणि टोपात मटणाच्या जागी नारळाची सोडणं, नुसती वरची सालं, झाकून ठेवली, तो राग अजून हाय.

मग मीच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो ट्रेलर माणसांनी भरू दे!" आणि धावत ट्रेलरवर चढून जाड्या आवाजात बोललो, "व्हय म्हाराजा!" मग बायकी आवाजात. मग बारक्या पोराच्या.

शेजारची शांतावैनी मधल्या दगडी गडग्यावरनं ओरडली, "तात्यानू, आता कोणाला फसवताय?"

म्हटलं, "हळू बोल गो, देवाला वाटतंय घरात माणसं हायत."